भूमितीच्या तासाचे नियम

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की माध्यमिक शाळेतील गणिताचे शिक्षक पहिल्या दोन-तीन तासांतच आपले नियम सांगून टाकतात. कंपासपेटी रोज आणावी. पेन्सिलीला टोक असावे. आकृती काढल्यावाचून उत्तर लिहू नये. रचनेतील कंस पुसू नयेत. सिद्धतेच्या प्रत्येक पायरीसमोर कारण लिहावे. गृहपाठ चुकवू नये. मुले हे नियम वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतात आणि दिवाळीपर्यंत त्यांतले निम्मे विसरूनही जातात. व्याख्यानमालेसारख्या व्यासपीठावर या वहीच्या पहिल्या पानाविषयी काय बोलावयाचे, असे एखाद्या श्रोत्याला वाटल्यास त्यात नवल नाही.

तथापि या नियमांना इतिहास आहे, आणि तो लहान नाही. त्यांतील काही नियम भूमिती या विषयातूनच जन्मले. काही परीक्षेने आणले. काही राज्यकर्त्यांच्या भाषेबरोबर आले आणि त्या भाषेबरोबरच गेले. कोणता नियम कोठून आला हे कळले नाही, म्हणजे सारेच सारख्या महत्त्वाचे वाटू लागतात, आणि मग पेन्सिलीचे टोक राहते व कारण सुटते. पिंपळे गुरवसारख्या वस्तीत, जेथे एका पिढीपूर्वीची शेते आज घरांच्या प्लॉटांत वाटली गेली आहेत आणि जेथील मुलांची दहावीनंतरची वाट बहुधा गणिताच्या गुणांवरून ठरते, तेथे हा भेद समजून घेणे केवळ शिक्षकांचे काम राहत नाही.

आरंभ दोरीपासून केला पाहिजे. यज्ञवेदी बांधणाऱ्यांसाठी जी शुल्बसूत्रे रचली गेली, त्यांच्या नावातच दोरी आहे. शुल्ब म्हणजे दोरी. आयताच्या कर्णावरील चौरस हा त्याच्या दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हे बौधायनाने सांगून ठेविले. आपस्तंबाला तीन-चार-पाच याखेरीज पाच-बारा-तेरा आणि आठ-पंधरा-सतरा हीदेखील त्रिकुटे ठाऊक होती. आजचा गवंडी पाया आखताना तीन फूट, चार फूट आणि पाच फूट मोजून कोपरा गुण्यात आणतो, तेव्हा तो याच परंपरेतला असतो. पण या सूत्रांत कृती आहे. कृती का बरोबर ठरते, याची चर्चा त्यांत नाही. वेदी मापात आली की काम झाले. भूमितीच्या तासाचा पहिला नियम असा अचूकपणाचा होता, आणि तो आजही पेन्सिलीच्या टोकापाशी येऊन उभा राहतो.

दुसरा आणि अधिक कठीण नियम भास्कराचार्यांच्या ग्रंथांत स्पष्ट दिसतो. इ. स. ११५० च्या 'लीलावती'चे नाव सर्वांच्या ओठी आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांच्या 'बीजगणिता'तील एक उदाहरण अधिक मोलाचे आहे. भुज १५ आणि कोटी २० असता कर्ण किती, असा साधा प्रश्न तेथे विचारला आहे. उत्तर २५, हे कोणीही सांगेल. पण आचार्य तेवढ्यावर थांबत नाहीत. लोकांत रूढ असलेल्या या गणिताची उपपत्तीही सांगावी, अशी मागणी ते त्याच प्रश्नात करतात. मग तसे चार त्रिकोण जुळवून कर्णावर चौरस उभा राहतो. प्रत्येक त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५०, चारींचे ६००. मध्ये ५ बाजूचा लहान चौरस उरतो, त्याचे २५. एकूण ६२५, आणि त्याचे मूळ २५. भास्कराचार्यांनी आकृती काढून नुसते 'पाहा' एवढेच म्हटले, अशी एक कथा परदेशी पुस्तकांतून फार पसरली आहे. ती ऐकावयास गोड आहे खरी, पण त्यांनी पाहावयास सांगितले तसेच मोजावयासही सांगितले, हे तीत हरवते. रूढ आहे म्हणून मान्य करू नका, उपपत्ती द्या: भूमितीच्या तासाचा हा खरा नियम मराठी मुलुखात पावणेनऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेविलेला आहे.

'लीलावती'त आणखी एक नियम आहे, आणि तो तर शिक्षकालाही सोडत नाही. चौकोनाच्या नुसत्या चार बाजू देऊन त्याचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला आचार्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि अशा प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याला त्याहूनही मोठे पिशाच. कर्ण किंवा लंब यांतले काहीतरी दिल्यावाचून चौकोन निश्चित होतच नाही. मग उत्तर कोठून येणार? अपुऱ्या माहितीवर प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर देणे हे दोन्ही दोष, आणि उत्तर देणे अधिक मोठा दोष. परीक्षेत काहीतरी लिहून यावे असा उपदेश करणाऱ्यांनी हा श्लोक एकदा अवश्य वाचावा. या चौकोनाकडे आपणांस शेवटी परत यावयाचे आहे.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, अशी नोंद त्यात आहे, आणि मठाला मिळावयाच्या देण्यांचा तपशील जुन्या मराठीत दिला आहे. गणिताच्या शिक्षणासाठी गावाने काय द्यावे, याचा असा कोरीव दाखला आपल्याकडे आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. पण ती परंपरा मठापलीकडे फारशी पसरली नाही. पुढे गावोगावच्या पंतोजींच्या शाळांत पाढे होते, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आणि औटकी होती, मोडी अक्षर आणि जमाखर्च होता. त्रिकोण नव्हता. व्यापारी आणि कारकून घडविण्यास तेवढे पुरेसे होते. पण ज्याच्या घरी जमीन होती त्याला काय पुरणार?

या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी अमलाच्या आरंभीच पुणे जिल्ह्याला मिळाले. १८२७ नंतर प्रिंगल या अधिकाऱ्याने येथे जमिनीची मोजणी चालविली. शेताचे क्षेत्र मोजावयाचे, खर्च वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न ठरवावयाचे आणि त्याच्या शेकडा ५५ सारा घ्यावयाचा, अशी ती योजना. कागदावर ती शास्त्रशुद्ध होती. प्रत्यक्षात मोजण्या चुकल्या, आकडे फिरवले गेले, साऱ्याचा भार रयतेला सोसेना आणि जमिनी पडीक पडू लागल्या. अखेर ती मोजणी टाकून द्यावी लागली, आणि १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने काम सुरू केले. पुढे मुंबई इलाख्यात रूढ झालेल्या पद्धतीत साखळी ३३ फुटांची, तिचे भाग सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. वेड्यावाकड्या शेतात एक मूळ रेषा धरून तिच्यावर लंब टाकावयाचे आणि शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन पाडून बेरीज करावयाची, ही रीत. पाया ६६ फूट आणि उंची ९९ फूट असा त्रिकोण असेल तर क्षेत्रफळ ३२६७ चौरस फूट, म्हणजे बरोबर तीन गुंठे. हा हिशेब आज आठवीतील मूल करील. त्या काळी ज्याचे शेत त्यालाच तो येत नव्हता, आणि ज्याला येत होता त्याच्या हाती सारा होता. ज्याला त्रिकोण येत नाही त्याची जमीन दुसरा कोणी मोजतो. अक्षरशत्रू शेतकऱ्याची कागदावर होणारी लूट जोतीराव फुले यांनी पुढे 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात मांडली. त्या लुटीत अक्षराइतकाच आकृतीच्या अज्ञानाचाही वाटा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

शाळेत भूमिती आली ती याच सुमारास. १८२० नंतरच्या दशकात मुंबईस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साह्याने हटन या इंग्रज ग्रंथकाराच्या गणिताचा मराठी अवतार सिद्ध केला. म्हणजे आरंभ मराठीतून झाला होता. पुढे उच्च शिक्षण इंग्रजीत गेले आणि भूमितीही त्याबरोबर इंग्रजीत गेली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, आणि त्या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे होते. ज्या रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेच हे रानडे. युक्लिडच्या वर्गातून बाहेर पडलेल्या माणसाने सार्वजनिक वादविवादाचे व्यासपीठ उभारावे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

पण तो युक्लिडचा वर्ग सर्वांना असा फळला नाही. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकात ४८ सिद्धांत आहेत. विद्यार्थ्यांनी ते क्रमांकानिशी पाठ करावे, अशी रीत इंग्लंडात पडली होती, आणि ती तशीच इकडे आली. सत्तेचाळिसावा म्हणजे पायथागोरसचा. पाचवा म्हणजे 'गाढवांचा पूल', कारण मठ्ठ विद्यार्थी तेथेच अडतो अशी समजूत. आकृतीची अक्षरे पुस्तकातलीच असावीत, वाक्ये पुस्तकातलीच असावीत, आणि एका सिद्धांताच्या आधारासाठी दुसरा घ्यावयाचा तर तो युक्लिडच्या क्रमात आधी आलेला असावा. आमच्याकडे यात परक्या भाषेची भर पडली. वाक्याचा अर्थ लागो न लागो, वाक्य बिनचूक म्हटले की काम भागे. जो विषय मनुष्याला 'का' विचारावयास शिकवितो, तोच विषय घोकंपट्टीचे सर्वांत बळकट ठाणे होऊन बसला, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

याला अपवाद होते. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखे गणिताचे अध्यापक पुण्यास होते. त्यांचे शिष्य बाळ गंगाधर टिळक १ जानेवारी १८८० रोजी सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गणित शिकवू लागले. टिळकांच्या अध्यापनाच्या ज्या आठवणी सांगितल्या जातात, त्यांत ते पुस्तकाचा आधार न घेता तोंडी गणित सोडवीत आणि फळ्यावर सगळ्या पायऱ्या मांडण्याचा त्यांना कंटाळा असे, ही गोष्ट वारंवार येते. हुशार विद्यार्थ्याला ही पद्धत उत्तेजक वाटे. मंद विद्यार्थी मागे राही. म्हणजे घोकंपट्टी टाळली तरी प्रश्न सुटत नाही. शिक्षकाच्या मनातली पायरी विद्यार्थ्याच्या वहीत उतरली नाही, तर त्याला ती पुन्हा शिक्षकाच्या शब्दावरच मानावी लागते.

बदल इंग्लंडातच झाला. युक्लिडची सक्ती नको म्हणून तेथील शिक्षकांनी १८७१ मध्ये संस्था काढली, आणि तीस वर्षांच्या खटपटीनंतर १९०३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने नियम बदलला. सुसंगत क्रमातील कोणतीही योग्य सिद्धता मान्य व्हावी, असे ठरले. ज्या केंब्रिजमध्ये १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले होते, तेथेच चार वर्षांनी हा निर्णय व्हावा, याचे कौतुक वाटते. हॉल आणि स्टीव्हन्स यांची नव्या पद्धतीची शालेय भूमिती मग आमच्याकडेही वाचली जाऊ लागली. पुस्तकाचा शब्द जाऊन कारणाची योग्यता आली. नियमांच्या इतिहासातील हा मोठा टप्पा होय. कारण आता परीक्षकाला विद्यार्थ्याचे म्हणणे वाचणे भाग पडले.

आकृती डोळ्यांना दिसते म्हणून मानू नये, हा नियमही याच काळात ठसविला गेला. रौस बॉल यांनी १८९२ च्या आपल्या गणितरंजनाच्या पुस्तकात प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो, अशी एक सिद्धता दिली आहे. पायऱ्या सगळ्या ठाकठीक दिसतात. फसगत एवढीच की जो बिंदू वस्तुतः त्रिकोणाबाहेर पडतो तो आकृतीत आत काढलेला असतो. एका निष्काळजी आकृतीने जगातले सारे त्रिकोण समद्विभुज होतात! शिक्षक स्वच्छ आकृतीचा आग्रह धरतात तो वहीच्या शोभेसाठी नव्हे.

भाषेचा टप्पा यानंतर आला. स्वातंत्र्याच्या सुमारास माध्यमिक शाळांत मराठी माध्यम स्थिर झाले, मॅट्रिक जाऊन १९४९ मध्ये पहिली एस. एस. सी. परीक्षा झाली, आणि भूमिती मराठीत परतली. परतताना तिने जुने शब्द अंगावर घेतले. सिद्धतेच्या आरंभी विद्यार्थी 'पक्ष' आणि 'साध्य' लिहितो. हे दोन्ही शब्द न्यायशास्त्रातले आहेत. तेथे पर्वत हा पक्ष, अग्नी हे साध्य आणि धूर हा हेतू. भूमितीत पक्षाचा अर्थ थोडा पालटून 'दिलेले' असा झाला. पण शब्दांचे मूळ वादी-प्रतिवादींच्या सभेत आहे, हे विसरता कामा नये. समोर शंका घेणारा कोणी आहे, असे धरूनच सिद्धता लिहावयाची असते. दुसऱ्या बाजूने मराठीने आपला घरगुती साजही चढविला. एकरूपतेच्या कसोट्यांना बाबाबा, बाकोबा, कोबाको अशी नावे पडली. बाकोबा म्हणजे म्हसोबा-खंडोबाच्या पंक्तीतला एखादा ग्रामदेव असावा असे वाटते, आणि मुले त्याला परीक्षेच्या आदल्या रात्री तितक्याच भक्तीने स्मरतात. परंतु हा देव नवसाला पावणारा नव्हे. दोन बाजू आणि त्यांच्यामधलाच कोन दाखविला तरच तो पावतो. कोन भलतीकडचा घेतला तर पावत नाही.

पुढील व्यवस्था थोडक्यात सांगतो. १ जानेवारी १९६६ रोजी राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात आले. १९६७ मध्ये बालभारती निघाली. १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. मार्च २०१९ पासून गणिताचे दोन भाग प्रत्येकी ४० गुणांचे आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे, अशी रचना झाली. भूमितीचा भाग दोन तासांचा. त्यात काही प्रश्न असे असतात की सिद्धता छापलेली असते आणि मधल्या रिकाम्या चौकटी विद्यार्थ्याने भरावयाच्या. या चौकटींचा मी शत्रू नाही. ज्या मुलाला कोरा कागद पाहून धडकी भरते, त्याला चार पायऱ्या आयत्या मिळाल्या तर तो पाचवी चढतो. पण चढण्याची दिशा दुसऱ्याने ठरविलेली असते. आधी काय सांगावे, कोणता लंब टाकावा, कोणते दोन त्रिकोण निवडावेत, हा सिद्धतेचा प्राण. तो चौकटीबाहेर छापून येतो आणि चौकटीत एखादा शब्द उरतो. वर्षभर नुसत्या चौकटीच भरून घेतल्या, तर १९०३ पूर्वीचा युक्लिड मराठी वेषात पुन्हा वर्गात आला असे समजावे.

आता पिंपळे गुरवकडे वळू. पवनेकाठचे हे गाव, पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीत सामावून गेलेले. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. साठीच्या दशकात मोटारी आणि स्कूटरी बनविणारे कारखाने आले. मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून माणसे आली आणि नदीकाठची शेते घरांना लागली. येथील मुलाला भूमिती दोनदा भेटते. एकदा कामावर: पत्र्यावर मार्किंग करताना, नकाशा वाचताना, गुण्या लावताना, पदविकेची किंवा आयटीआयची वाट त्यासाठीच दहावीच्या गुणपत्रिकेतून जाते. आणि दुसऱ्यांदा घराच्या जागेपाशी.

येथे भास्कराचार्यांचा चौकोन परत येतो. गुंठा-अर्धा गुंठा घेऊन घर बांधण्याची रीत महाराष्ट्रातील शहरांभोवती इतकी पसरली की २००१ मध्ये राज्याला त्यासाठी गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. समजा, कोणी चारही बाजू ३३ फूट भरणारा प्लॉट दाखविला आणि हा एक गुंठा आहे असे सांगितले. चारही बाजू टेपने मोजून पाहिल्या, बरोबर भरल्या. गुंठा झाला काय? कोपरे काटकोनी असतील तरच झाला. तोच चौकोन कलता होऊन त्याचा एक कोन ३० अंशांचा झाला, तर बाजू ३३ च राहतील, पण उंची साडेसोळा फूट होईल आणि क्षेत्रफळ ५४४.५ चौरस फूट, म्हणजे बरोबर अर्धा गुंठा! बाजूंत एक इंचाची लबाडी न करता निम्मी जागा नाहीशी होते. इतका कलता प्लॉट डोळ्यांना कळेल हे खरे. पण थोडा कलता कळत नाही, आणि पैसे थोड्याचेही जातात. उपाय काय? कर्ण मोजावे. दोन्ही कर्ण सारखे, सुमारे ४६ फूट ८ इंच, भरले तर गुंठा पुरा. बाजूंवरून क्षेत्रफळ सांगणाऱ्याला आचार्यांनी पिशाच म्हटले, ते काही रागाच्या भरात नव्हे.

हे दहावीच्या पुस्तकाबाहेरचे ज्ञान नाही. समभुज चौकोन आणि चौरस यांतला भेद नववीत शिकविला जातो. ३० अंशांचे गुणोत्तर तेथेच येते. प्रश्न असा आहे की, कर्ण समान असल्यावाचून समभुज चौकोनाला चौरस म्हणू नये, हे वाक्य मुलाने चौकटीत भरले, की स्वतः शंका घेऊन मिळविले? पहिल्या रीतीने मिळालेले वाक्य मार्चमध्ये उपयोगी पडते आणि एप्रिलमध्ये विसरले जाते. दुसऱ्या रीतीने मिळालेले वाक्य, आयुष्याची बचत खिशात घेऊन प्लॉटपाशी उभे असताना आठवते.

म्हणून वर्गाच्या नियमांची उतरंड नीट लावली पाहिजे. कंपासपेटी, पेन्सिल, समास, गृहपाठ हे सेवक आहेत. चांगले सेवक आहेत, आणि त्यांच्यावाचून घर चालत नाही. गुण आणि परीक्षा हे पाहुणे. त्यांचा मान ठेवावा, पण घर त्यांच्या स्वाधीन करू नये. यजमान एकच: कारणावाचून काही मानावयाचे नाही. आणि हा नियम असा आहे की तो सांगणाऱ्यालाही बांधून ठेवतो. भूमितीच्या तासाला सर्वांत मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर करून 'ही पायरी कशावरून?' असे विचारले, तर शिक्षकाचे वय, पदवी किंवा हुद्दा हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. त्याला कारणच द्यावे लागते. शाळेच्या वेळापत्रकात इतकी समता दुसऱ्या कोणत्या तासाला मिळते, हे मला ठाऊक नाही.

पालकांनी तेव्हा शाळेत जाऊन मुलाला किती गुण मिळाले हे अवश्य विचारावे. त्याबरोबर घरी त्याला एक प्रमेय समजावून सांगावयास लावावे आणि प्रत्येक पायरीला 'का?' म्हणावे. त्यासाठी पालकाला भूमिती येण्याची गरज नाही. शंका घेता आली की पुरे. मूल अडखळले तर रागावू नये. ते जेथे अडखळते तेथूनच त्याचे शिकणे सुरू होते. आणि शिक्षकांनी जूनमध्ये नियम लिहून देताना कारणाचा नियम सर्वांत वर लिहावा, व बाकीचे त्याच्याखाली.